पट्टेरी प्लेको ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर एक फोटो येतो. माशांची टाकी अंधारी, काचेवर फ्लॅशचा लखलखाट, कोपऱ्यात काळं-पांढरं काहीतरी. खाली एक ओळ: "दादा, हा कुठला प्लेको?" गेली काही वर्षं मी अशा फोटोंना उत्तरं देतोय, आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. नाव चुकलं की खाणं चुकतं, आणि खाणं चुकलं की महिन्या-दोन महिन्यांत मासा जातो. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

प्लेको म्हणजे आपला सकरच ना?

सकर हा प्लेकोच, पण प्रत्येक प्लेको सकर नव्हे. दुकानात "काच साफ करणारा" म्हणून जो करड्या-काळ्या ठिपक्यांचा मासा मिळतो तो टेरिगोप्लिक्थिस. तो आणि आपले पट्टेरी मासे एकाच मोठ्या घराण्यातले, लोरिकॅरिइडी. मूळ गाव दक्षिण अमेरिका, काही जाती पनामा-कोस्टारिकापर्यंत. अंगावर खवल्यांऐवजी हाडांचं चिलखत, आणि तोंड खालच्या बाजूला, चिकटून राहणारं. "प्लेकोस्टोमस" या जुन्या नावाचा अर्थच दुमडलेलं तोंड असा आहे. त्याचंच लाडकं रूप प्लेको.

एक सोपी खूण आत्ताच सांगतो. पाठीच्या परात (पर म्हणजे माशाचा पोहण्याचा पंख) पुढचा जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजा. दहा किंवा त्याहून जास्त असतील तर तो टेरिगोप्लिक्थिस, मग अंगावर नक्षी कसलीही असो. या लेखातल्या छोट्या पट्टेरी माशांमध्ये त्या सातच्या आसपास असतात.

एल ०४६, एल १३४ हे नंबर काय आहेत?

१९८० च्या दशकात ब्राझीलमधून इतके नवे प्लेको यायला लागले की शास्त्रज्ञांना नावं द्यायला वेळ पुरेना. तेव्हा "डाट्झ" या जर्मन मासिकानं १९८८ मध्ये प्रत्येक नव्या माशाचा फोटो छापून त्याला एक नंबर द्यायला सुरुवात केली. एल म्हणजे लोरिकॅरिइडी. पुढे "डास अक्वारियुम" या दुसऱ्या जर्मन मासिकानं स्वतःची मालिका काढली, ती एलडीए. आज एल नंबर पाचशेच्या घरात आहेत.

हा नंबर म्हणजे शास्त्रीय नाव नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. अमुक नदीतून आलेला, असा दिसणारा मासा, एवढंच तो सांगतो. त्यामुळे एकाच जातीला दोन-तीन नंबर पडलेत. क्लाउन प्लेकोचंच बघा, एल १०४ म्हणा की एलडीए ०२२, मासा तोच, पॅनाकोलस मॅकस.

पट्टे बघून ओळखता येत नाही का?

येतं, पण पट्टे शेवटी बघायचे. बहुतेक जण नेमकी उलटी सुरुवात करतात.

ब्राझीलमधल्या खिंगू नदीच्या खालच्या भागातला "किंग टायगर" हे याचं उत्तम उदाहरण. एल ०६६ काळसर, त्यावर फिकट नागमोडी रेघा. एल ३३३ पिवळट, पट्टे रुंद. हौशी लोकांनी अनेक वर्षं हे दोन वेगळे मासे मानले, वेगळ्या किमतीला विकले, वेगळ्या टाक्यांत वाढवले. २०२५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी त्या भागातल्या माशांचा अभ्यास करून हायपॅन्सिस्ट्रस सीडेली ही जात जाहीर केली, आणि हे दोन्ही नंबर त्या एकाच जातीत गेले. एकाच आईची पिल्लं, कुणी सावळं कुणी गोरं, तसाच प्रकार.

शिवाय पट्टे वयाप्रमाणे बदलतात. पिल्लाचे तीन-चार ठळक पट्टे मोठेपणी फुटून जाळी होते. घाबरलेला, नुकताच प्रवास करून आलेला किंवा रात्री बाहेर पडलेला मासा फिका पडतो. पिशवीतून टाकीत सोडल्यावर पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोवरून मी कधीच मत देत नाही.

मग आधी काय बघू?

तोंड. प्लेकोचं सगळं आयुष्य त्याच्या दातांवर लिहिलेलं असतं. मासा काचेला चिकटला की बाहेरून टॉर्च मारा आणि फोन अगदी जवळ धरून फोटो काढा. मोठा करून बघितलात तर दात दिसतात.

खालच्या जबड्यात मोजकेच दात, तेही वरच्यांपेक्षा लांब आणि मोठे असतील तर मासा हायपॅन्सिस्ट्रस गटातला. झेब्रा, किंग टायगर हे सगळे यात. हे दात खरवडण्यापेक्षा पकडून ओढण्याच्या कामाचे. यांना किडे, अळ्या, मांसाहार लागतो.

दात थोडेच, पण चमच्यासारखे पसरट आणि आत वळलेले असतील तर पॅनाकोलस किंवा त्यांचे मोठे भाऊबंद पॅनाक. हे सुताराच्या पटाशीसारखं लाकूड तासतात. टाकीत लाकूड नसलं तर यांचं जमत नाही.

दात बरेच, पण लहान आणि दोन टोकांचे असतील तर पेकोल्टियाचा विचार करा. मध्यम आहार, भाजी आणि प्राणिज दोन्ही.

आणि बारीक केसांच्या ब्रशसारखी दातांची ओळ जवळजवळ सरळ रेषेत असेल तर तो अँसिस्ट्रस, म्हणजे ज्या नराच्या थोबाडावर मिशांसारखे धागे फुटतात तो. लहानपणी यांच्याही अंगावर नक्षी असते, म्हणून पिल्लं "टायगर" म्हणून खपतात.

दातांचा एवढा आग्रह कशासाठी? मासा दिसायला छान आहे, पुरे नाही का?

माझ्या पहिल्या पट्टेरी माशाची गोष्ट सांगतो. एका दुकानातून "टायगर प्लेको, शेवाळ खातो" असं सांगून दोन मासे मिळाले. मी मनापासून सेवा केली. रोज रात्री वाफवलेली काकडी, घोसाळं, पालकाचं पान, शेवाळाच्या वड्या. सकाळी काकडी जशीच्या तशी. मला वाटलं, नवीन आहेत, लाजतात. सहाव्या आठवड्यात एक मासा काचेला चिकटलेला दिसला आणि त्याचं पोट आत ओढलं गेलं होतं, डोळे खोल गेले होते. तो दोन दिवसांत गेला. दुसऱ्याच्या तोंडाचा फोटो तेव्हा पहिल्यांदा काढला. खालच्या जबड्यात मोजके लांब दात. तो हायपॅन्सिस्ट्रस होता. मी त्याला दीड महिना गवत वाढत होतो आणि त्याला कोळंबी हवी होती. त्या रात्री कोळंबी बारीक चिरून टाकली, दिवे बंद केले, आणि अर्ध्या तासात तो बाहेर आला. तो पुढे सात वर्षं जगला.

म्हणून दात.

खरा झेब्रा, एल ०४६, कसा ओळखायचा?

हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा. १९९१ मध्ये इस्ब्र्युकर आणि नाइसन या दोघांनी त्याला हे नाव दिलं. लांबी सहा ते आठ सेंटिमीटर, यापेक्षा मोठा फारसा होत नाही. दहा-बारा सेंटिमीटरचा "झेब्रा" कुणी दाखवला तर तिथेच थांबा.

आता नीट बघा. शुभ्र पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, आणि बाजूचे पट्टे आडवे-तिरपे, अंगाच्या लांबीच्या दिशेनं शेपटीकडे धावणारे. क्लाउन किंवा एल १३४ मध्ये पट्टे पाठीवरून पोटाकडे उतरतात, म्हणजे दिशाच वेगळी. झेब्राच्या डोक्यावर, डोळ्यांच्या पुढे, समोरून पाहिलं तर रोमन लिपीतल्या "ई" सारखी काळी खूण दिसते. अनुभवी लोक सर्वांत आधी हीच शोधतात. काळ्याची कडा सुरीनं कापल्यासारखी धारदार असते. रेघ मध्येच विरघळलेली, कडेला करडी झालेली, किंवा पांढरा रंग मळकट पिवळा असेल तर मला शंका येते. चांगल्या उजेडात, निवांत असलेल्या निरोगी माशाच्या पांढऱ्यावर निळसर झाक असते. ती एकदा पाहिली की विसरत नाही.

झेब्राशी सगळ्यांत गल्लत होते ती एल १७३ आणि एल ०९८ ची. तेही काळे-पांढरे, पण रेघा वाकड्या, फाटे फुटलेल्या, काही ठिकाणी जाळीसारख्या. त्या दोघांतलं कोण कोण हे फोटोवरून सांगायला मी जात नाही. मासा कुणी, कोणत्या जोडीपासून काढला हे प्रजनन करणाऱ्याकडूनच कळतं.

"झेब्रा प्लेको" काहीशे रुपयांत मिळतोय. घेऊ का?

तो एल ०४६ नाही. कुठल्या तरी पट्टेरी माशाला ते नाव लावलंय. मासा आवडला तर घ्या, पण तोंड बघून, आणि तो जो आहे त्या नावानं सांभाळा.

खरा झेब्रा महाग का, हेही समजून घेण्यासारखं आहे. साऱ्या जगात तो फक्त ब्राझीलच्या खिंगू नदीत, आल्तामिरा गावाजवळच्या व्होल्टा ग्रांदे या मोठ्या वळणाच्या परिसरात मिळतो. खोल, गरम, वेगवान पाणी, कपारींचा खडक. २००४ मध्ये ब्राझीलनं त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलं आणि पकडायला बंदी घातली. मग त्याच वळणावर बेलो मॉन्ते धरण आलं. २०१६ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि शंभर किलोमीटरहून लांब अशा त्या पट्ट्यातलं पाणी कालव्यानं दुसरीकडे वळवलं गेलं. ज्या कपारींत हा मासा अंडी घालतो त्याच कपारींचं पाणी उतरलं. एका मादीची अंडी एका वेळी दहा-पंधराच्या आसपास, तीही नर गुहेत बसून राखतो. इतक्या कमी पिल्लांवर जगणाऱ्या जातीला चोरटी पकड झेपत नाही.

क्लाउन, एल १३४ आणि टायगर यांत फरक कसा करू?

हे तिघे आपल्याकडे जास्त दिसतात, आणि तिघांचेही पट्टे उभे.

क्लाउन प्लेको व्हेनेझुएलातल्या ओरिनोको खोऱ्यातला. गडद तपकिरी अंगावर फिकट पिवळट, वाकडेतिकडे पट्टे. ठेंगणा, गुबगुबीत, फार तर दहा सेंटिमीटर. चमच्यासारखे दात.

एल १३४ म्हणजे लेपर्ड फ्रॉग, पेकोल्टिया कॉम्प्टा. ब्राझीलमधल्या तापाजोस नदीचा. २०१० मध्ये त्याला हे नाव मिळालं. सोनेरी पिवळ्यावर काळे पट्टे, त्यामुळे पहिल्या नजरेत क्लाउनची देखणी आवृत्ती वाटते. पण अंगकाठी सडपातळ आणि दात वेगळे. मोठेपणी काहींचे पट्टे तुटून ठिपके होतात. तेव्हा लोक मला विचारतात की मासा बदलला का. बदलला नाही, वयात आलाय.

"टायगर" म्हणून येतो त्या एल ३९७ वर नारिंगी-काळे पट्टे असतात. तोही पॅनाकोलस, म्हणजे लाकूडखाऊ. "टायगर" हे नाव मात्र मी ऐकत नाही. किमान पाच वेगवेगळ्या माशांना ते लावतात, त्यात मांसाहारीही आले आणि लाकूडखाऊही.

बारीक रेघांचे प्लेको कोणते?

फ्लॅश प्लेको, एल २०४, पॅनाकोलस अल्बिव्हर्मिस. पेरूमधला. काळ्या अंगावर खडूनं ओढल्यासारख्या पांढऱ्या बारीक रेघा. २०१३ पर्यंत त्याला शास्त्रीय नाव नव्हतं, दुकानात मात्र तो त्याआधीपासूनच होता. हाही लाकडावर जगतो.

एल १२९, "कोलंबियन झेब्रा". हायपॅन्सिस्ट्रस डेबिलिटेरा, २००७ मध्ये वर्णन झालेला, ओरिनोकोचा. काळपट अंगावर पातळ फिकट रेघा. नावात झेब्रा असला तरी दोघांत खरी गल्लत होत नाही. झेब्रात पांढरं जास्त, यात काळं.

आणि रॉयल, म्हणजे पॅनाक निग्रोलिनिएटस. इथे मला थोडं थांबायचंय. लहानपणी हा मासा मोहक असतो. डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबच लांब रेघा, लालसर डोळे. सात-आठ सेंटिमीटरचा असताना तो "स्ट्राइप्ड प्लेको" म्हणून दोन फुटी टाकीसाठी विकला जातो. तो चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. लाल डोळा आणि डोळ्यांवरून जाणाऱ्या सलग रेघा दिसल्या की घेण्याआधी घरातली भिंत मोजा.

"बटरफ्लाय प्लेको" पट्टेरी आहे. तो कोणत्या गटात?

कुठल्याच नाही, कारण तो प्लेको नाही. तो हिलस्ट्रीम लोच, चीन-व्हिएतनामकडचा. अंगावर चिलखत नाही, छातीचे आणि पोटाचे पर पंख्यासारखे पसरून तो दगडाला चिकटतो. त्याला थंड, वाहतं पाणी हवं. झेब्राला २८ ते ३० अंश लागतात, म्हणजे दोघांचं एका टाकीत कधीच भागणार नाही. असेच दगडाला चिकटणारे मासे आपल्या पश्चिम घाटातही आहेत. कर्नाटकातल्या काळी नदीतल्या अशाच एका माशाला २०१६ मध्ये संशोधकांनी बॅलिटोरा चिपकली असं नाव दिलं. पालीसारखा दिसतो म्हणून.

नर-मादीचे पट्टे वेगळे असतात का?

नाही. वरून बघा. नराचं डोकं रुंद, कल्ल्याच्या कडेला आणि छातीच्या परांच्या काट्यावर केसाळ काटे. मादी पोटाशी रुंद. पूर्ण वाढ व्हायच्या आधी अंदाज करू नका.

ओळख पटवण्यासाठी कोणते फोटो पाठवू?

चार. एक बरोबर बाजूनं, पर उघडे असताना. एक बरोबर वरून. एक पोटाचा, काचेला चिकटलेला असताना. एक तोंडाचा. जवळ मोजपट्टी धरा. लांबी तोंडापासून शेपटीच्या पराच्या सुरुवातीपर्यंत मोजायची, पर धरायचा नाही. सोबत लिहा: कधी घेतला, कुठल्या नावानं, दुकानदाराकडे तो आयात होऊन आला होता की इथेच तयार झालेलं पिल्लू होतं. कुर्ल्याच्या बाजारातून घेतलेल्या माशाबद्दल विक्रेता दोन वाक्यं जास्त बोलला तर ती तिथल्या तिथे फोनमध्ये टिपून ठेवा. नदीचं नाव कळलं की निम्मी ओळख पटते.

जाळीनं उचलून बघू का?

जाळी नको. कल्ल्याचे काटे जाळीत अडकतात, मासा झटके देतो आणि आपण कात्री शोधत धावतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून माशाला त्यात हळूच ढकला. डब्यातूनच फोटो काढा, पाच मिनिटांत परत सोडा.

दोन वेगळे पट्टेरी एकत्र ठेवले तर चालेल?

क्लाउनसोबत हायपॅन्सिस्ट्रस ठेवता येईल, मात्र खाणं दोन प्रकारचं द्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र गुहा. पण दोन वेगवेगळे हायपॅन्सिस्ट्रस एका टाकीत ठेवू नका. ते आपापसांत सहज जोडी करतात. झेब्रा आणि किंग टायगरची संकरित पिल्लं दिसायला सुंदर असतात आणि तीच पुढे "झेब्रा" म्हणून विकली जातात. मग या पानावरच्या कुठल्याच खुणा लागू पडत नाहीत. ज्या माशाची नदी आटत चालली आहे त्याची टाकीतली वंशावळ तरी आपण शुद्ध ठेवावी, असं मला कळकळीनं वाटतं.

झेब्रा पाळणं कायदेशीर आहे का?

साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार. २०२२ मध्ये पनामात झालेल्या त्याच्या परिषदेत झेब्रा परिशिष्ट दोनमध्ये गेला, म्हणजे देशाबाहेर नेताना परवाना लागतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याच वर्षी दुरुस्ती झाली, साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आणि २०२४ मध्ये त्यांच्या नोंदणीचे नियमही आले. नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. विकणाऱ्याकडून बिल आणि पिल्लं कुठे तयार झाली याचा कागद मागा. टाळाटाळ झाली तर मासा घेऊ नका, कितीही मन झालं तरी.

माझा प्लेको फार मोठा झाला. तळ्यात सोडू?

कृपा करून नको. उजनीच्या जलाशयात सकर किती माजलाय हे भीमेकाठच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. जाळी फाटतात, आणि जाळ्यात येतो तो मासा कुणी विकत घेत नाही. तोही कुणाच्या तरी टाकीतलाच किंवा हौसेपायी आलेलाच असणार. दुकानात परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या.

सगळं करून बघितलं, तरी ओळख पटत नाही. काय करू?

मग माशालाच विचारा. टाकीत एक जुनं, पाण्यात मुरलेलं ड्रिफ्टवुड ठेवा. रात्री दिवे घालवून एका बाजूला कोळंबीचे बारीक तुकडे, दुसऱ्या बाजूला काकडीची चकती. तीन-चार रात्री असंच करा आणि सकाळी उठल्या उठल्या तळ बघा. लाकडाच्या बुडाशी करवतीच्या भुशासारखा तपकिरी ढीग जमला असेल तर तुमच्याकडे लाकूडखाऊ आहे. लाकूड कोरं आणि कोळंबी गायब असेल तर हायपॅन्सिस्ट्रस. दोन्हीकडे थोडं थोडं खाल्लेलं असेल तर पेकोल्टियाची शक्यता जास्त. नाव पुढे कधीतरी कळेल. त्या रात्रीपासून त्याचं पोट मात्र भरलेलं राहील.